माळ्यावरचा व्हिडिओ गेम, तीन आठवडे आणि ७८० रुपये

आधीच सांगते, हा रिव्ह्यू जरा विचित्र आहे, कारण ज्या जुन्या व्हिडिओ गेमचा आहे तो तसा आता दुकानात मिळत नाही आणि ज्या काकांनी तो दुरुस्त केला त्यांनी "माझं नाव कुठे टाकू नकोस, आधीच टेबलाखाली सात अँप्लिफायर पडलेत" असं बजावून ठेवलंय. तरी लिहितेय, कारण माझ्यासारखे बरेच जण असतील ज्यांच्या आईकडे माळ्यावर हे धूड पडलेलं असेल आणि भंगारात द्यायचं की नाही यावर दर दिवाळीला चर्चा होत असेल.

तर झालं असं की दिवाळीआधी साताऱ्याला आईकडे माळा काढायला घेतला आणि आकाशकंदिलाच्या सांगाड्यामागे एक बुटांचा खोका निघाला, त्यात आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम, दोन रिमोट, बंदूक आणि तीन कॅसेट. आम्ही रिमोटच म्हणायचो, कंट्रोलर वगैरे नंतर आलं. पप्पांनी १९९५ च्या मे महिन्यात मुंबईहून मनीष मार्केटमधून आणला होता, त्यांच्या हिशोबाने ११०० ला आणि आईच्या हिशोबाने १५०० ला, ते भांडण अजून मिटलेलं नाही. डब्यावर कंपनीचं नावच नाही, नुसतं इंग्रजीत फॅमिली कॉम्प्युटर गेम. म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम काढला त्याची नक्कल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे होते ते बहुतेक असेच, साठ पिनांच्या कॅसेटचे.

कॅसेटवर ९९९९९९९ इन १ लिहिलंय. लहानपणी मी खरंच मोजायला बसले होते. गेम सगळे मिळून सात-आठ, बाकी तेच गेम वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे आणि नाव बदललेले.

आता माझा गाढवपणा. ॲडॅप्टर खोक्यात नव्हता, डब्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं दिसलं, घरात जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा पडला होता, पिनही बरोब्बर बसली, म्हटलं चला. स्विच दाबला तर टक्क आवाज आणि माळ्यावरच्या धुळीत भजी तळल्यासारखा वास. आई स्वयंपाकघरातून "काय गं जाळलंस?" नंतर कळलं की राउटरच्या पिनेत मधे प्लस असतो आणि ह्या जुन्या डब्यांना बऱ्याचदा मधे मायनस लागतो, फॅमिकॉमचाच तसा होता. ते डब्याच्या पाठीवर छोट्या चित्रात दिलेलं असतं, एक टिंब आणि भोवती अर्धा गोल. मी बघितलंच नाही. तुम्ही बघा. या रिव्ह्यूतलं एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

पुण्यात आल्यावर आधी एका मोठ्या दुकानात गेले, नाव घेत नाही, त्याने डबा उघडलासुद्धा नाही, "मॅडम बोर्ड गेला, हा घेऊन जा ९०० ला, सेम टू सेम" म्हणून काउंटरवर नवीन ठेवला. मी हातात घेतला तर इतका हलका की आत काही आहे की नाही शंका यावी. तरी घेणार होते खरं तर. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं, तपकीर गल्लीच्या बाजूला एका जिन्याखाली एक काका बसतात, रेडिओ आणि अँप्लिफायर करतात, त्यांना दाखव.

जिन्याखाली म्हणजे अक्षरशः जिन्याखाली. मी उभी राहिले तर डोकं पायरीला लागत होतं. काकांनी चष्म्यावर अजून एक भिंग चढवलं, स्क्रू काढले, आणि पहिलं वाक्य, "नशीब तुझं, याच्यात आयसी आहेत." मला काही कळेना. मग त्यांनी शेजारच्या खोक्यातून तसलाच एक नंतरच्या काळातला डबा काढून दाखवला, त्याच्या बोर्डावर मधोमध डांबराचा थेंब सांडल्यासारखा एक काळा गोळा आणि बाकी काहीच नाही. सगळा गेम त्या गोळ्यात. तो गेला की बोर्ड संपला, बदलायला काही नसतंच. आमच्यात मात्र चाळीस-चाळीस पायांचे दोन मोठे आयसी, म्हणजे चिप, एक हिशोब करणारा आणि एक चित्र काढणारा, शेजारी पत्र्याच्या डबीत वेग ठरवणारा क्रिस्टल. तेव्हा तुमचा उघडून बघाल तर आधी हेच बघा, काळा गोळा असेल तर जास्त आशा ठेवू नका, आयसी असतील तर माणूस शोधा.

जळालेलं काय निघालं तर ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर, जो ९ चे ५ व्होल्ट करतो, आणि त्याच्या शेजारचा कपॅसिटर, त्याचं टोपण फुगून वर आलं होतं. काकांचं म्हणणं, उलटा करंट आला तेव्हा हा रेग्युलेटर मेला म्हणून मागचे दोन आयसी वाचले. दोन्ही मिळून ३५ रुपयांचा माल. मी मनात म्हटलं झालं, दहा मिनिटांत घरी.

तीन आठवडे लागले! आणि इथे मी एक स्टार कापतेय. काका "बुधवारी ये" म्हणतात, कुठल्या बुधवारी ते सांगत नाहीत. फोन उचलत नाहीत. दुसऱ्या फेरीला गेले तर आमचा डबा कुणाच्या तरी होम थिएटरच्या खाली दबलेला, तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी सरळ स्टूल ओढून बसले, म्हटलं आज घेऊनच जाते. बरं झालं बसले, नाहीतर ते काम बघायला मिळालं नसतं.

नवीन रेग्युलेटर लावून मीटरला ४.९८ दाखवलं, पण टीव्हीवर नुसता करडा पडदा. मला वाटलं गेलं सगळं. काकांनी कॅसेट काढली, उजेडात धरली, आणि माझ्याकडे बघून, "फुंकायचीस ना?" अहो कोण नाही फुंकायचं! गेम लागला नाही की कॅसेट काढायची, माउथ ऑर्गनसारखी फुंकायची, परत लावायची, हा तर नियमच होता. तर त्या फुंकरीतल्या ओलाव्याने पिनांवर हिरवं चढलं होतं. आणि गेम लागायचा तो फुंकल्यामुळे नाही, काढून परत घातल्यामुळे, पिना घासल्या जायच्या म्हणून. तीस वर्षांचा समज एका मिनिटात गेला. त्यांनी साधा खोडरबर घेतला, पांढरा, शाळेतला, आणि पट्टी घासायला लागले, एकेक बाजू, घाई नाही, मग बाटलीतलं स्पिरिट कापसाच्या काडीवर घेऊन पुसलं तर काडी काळी-हिरवी. पाच काड्या गेल्या. मग डब्यातल्या खाचेतल्या पिना दाभणाने एकेक करून किंचित वर उचलल्या, साठच्या साठ, श्वास रोखून. मधे एक गिऱ्हाईक "झालं का हो माझं?" म्हणून आलं तर नुसता हात वर केला, मान नाही. मग कॅसेट लावली आणि मेनू आला, ती भडक अक्षरं आणि खालीवर जाणारा बाण. मी जिन्याखाली टाळी वाजवली आणि वरून कुणीतरी वाकून बघितलं.

रिमोटची दुरुस्ती वेगळीच. पहिल्या रिमोटचं ए बटण मेलेलं, कारण उघड आहे, सगळ्या उड्या तिथेच. आत रबराच्या टोपीखाली एक काळी टिकली असते, ती बोर्डावरच्या दोन रेघा जोडते, घासून घासून ती टक्कल पडल्यासारखी झाली होती. काकांनी टर्बोच्या, म्हणजे धरून ठेवलं की आपोआप भराभर दाबलं जाणाऱ्या बटणाची टिकली ब्लेडने कापून ए ला बसवली. मला विचारलं नाही, पण टर्बो कुणाला हवाय. दुसऱ्या रिमोटची वायर प्लगपाशी तुटलेली, तेवढी दोन इंच कापून परत सोल्डर केली. आता ती दोन इंच छोटी आहे, त्यामुळे दुसऱ्या खेळाडूला टीव्हीच्या अजून जवळ बसावं लागतं, हे नमूद करून ठेवते कारण दुसरा खेळाडू कायम मीच असायचे. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट नव्हतंच, जपानी मूळ मॉडेललाही नव्हतं, म्हणजे गेम थांबवायचा की चालू ठेवायचा हे सगळं दादाच्या हातात, मला शिंक आली तरी त्याची परवानगी.

आता लोक म्हणतील मोबाईलवर एम्युलेटर, म्हणजे जुने गेम चालवणारं ॲप, फुकट आहे, हा खटाटोप कशाला. मीही तेच म्हणायचे. पण मोबाईलवर मारिओ खेळताना मी पहिल्याच स्टेजमध्ये खड्ड्यात पडायचे, सतत, आणि मला वाटायचं वय झालं. तर काकांना सहज बोलले तर त्यांनी क्रिस्टलवर बोट ठेवलं, २६.६०१ छापलंय. म्हणाले हा आपल्या टीव्हीचा, म्हणजे पाल (PAL) नावाच्या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचा. जपान आणि अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपला ५०, आणि हे गेम चित्रांच्या हिशोबाने चालायचे, म्हणून आमच्याकडचा मारिओ जपानच्या मारिओपेक्षा सहाव्या हिश्श्याने हळू धावायचा, गाणंही हळू वाजायचं. मोबाईलवर येतो तो ६० वाला. म्हणजे माझ्या अंगठ्याला जी उडी पाठ आहे ती ५० वाली आहे! घरी येऊन खेळले आणि पहिल्या झटक्यात झेंड्यापर्यंत. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पण थांबा, हे लगेच नाही झालं. आमचा टीव्ही ४३ इंची एलईडी, त्यात पिवळी पिन जात नाही, मग ऑनलाइन ५५० चा कन्व्हर्टर मागवला. चित्र आलं पण बटण दाबल्यावर मारिओ विचार करून उडी मारतो. कासवाने तेवढ्यात गाठलेलं असतं. कन्व्हर्टर घेऊ नका, पैसे पाण्यात. शेवटी भंगारवाल्याकडून १४ इंची जुना डबा टीव्ही ४०० ला उचलला, तो म्हणाला "ताई हा कशाला, चालू आहे हा," जणू चालू असणं हीच अडचण. त्या टीव्हीचा अजून एक फायदा म्हणजे बंदूक चालते. बदकांच्या गेममध्ये घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीच्या नळीतला सेन्सर आधी काळं मग पांढरं दिसलं का एवढंच बघतो, म्हणजे गोळी बंदुकीतून सुटत नाही, उजेड बंदुकीत शिरतो. एलईडीवर तो चौकोन उशिरा येतो, म्हणून तिथे कितीही नेम धरा, गेममधला तो कुत्रा हसतोच.

तक्रारी अजून दोन. सहा स्क्रूपैकी पाचच परत आले. आणि आवाजात मागे हलकी घूं घूं आहे, चित्रात उभ्या रेघा दिसतात, काका म्हणाले असल्या डब्यात ते असतंच, तेव्हाच्या टीव्हीवर तुला दिसत नव्हतं इतकंच. असेल. टीव्ही आणि कन्व्हर्टर सोडून दुरुस्तीचा पूर्ण खर्च ७८०, त्यात नवीन ॲडॅप्टर, पिनेचं चित्र बघून, उलटा असलेला. ९०० चा नवा घेतला असता तर १२० रुपये जास्त गेले असते आणि काळा गोळा मिळाला असता. काकांना पाचपैकी चार, डब्याला साडेतीन, मला ॲडॅप्टरसाठी शून्य.

मागच्या रविवारी दादा नाशिकहून आला. चप्पल काढल्या काढल्या पहिला रिमोट उचलला, विचारलं पण नाही. कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम लावला, सुरुवातीचा गुप्त कोड वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, अंगठा आपोआप फिरला, तीस लाइफ. धबधब्याच्या स्टेजला तो नेहमीसारखा भराभर वर चढत गेला, आणि तिथे मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरतो, तर मी सहा वेळा मेले. त्याच्या लाइफ संपल्यावर ए दाबून माझ्यातल्या घ्यायला लागला. मी म्हटलं अरे पॉज कर, दूध उतू चाललंय. नाही केला.