गुगल पेटंट्स: धातूच्या थरांच्या वादात प्रायर आर्ट शोधायला कितपत पुरतं?

'ही पद्धत तर कुणाही जाणकाराला सुचली असती' असं म्हणून सेमीकंडक्टरमधलं पेटंट अमेरिकेत रद्द करून घ्यायचं, तर त्याआधीचे प्रसिद्ध कागद, म्हणजे प्रायर आर्ट, हवेत. त्यासाठी पहिल्यांदा गुगल पेटंट्स उघडावं. ते फुकट आहे, शिवाय जपानी-कोरियन पेटंटांचं यंत्रानुवादित इंग्रजी लगेच वाचता येतं.

नुसत्या शब्दांवर विसंबू नका. चिपमध्ये टंगस्टन हा धातू भरण्याआधीच्या पातळ थराला कुणी न्यूक्लिएशन लेयर म्हणतं, कुणी सीड, कुणी इनिशियल फिल्म. 'अ‍ॅटॉमिक लेयर डिपॉझिशन' (एएलडी, एकेक अतिपातळ थर चढवण्याची पद्धत) टाकलं की 'एपिटॅक्सी' नावाने लिहिलेलं जुनं काम निसटतं. त्यामुळे सीपीसी वर्ग (पेटंटांच्या वर्गीकरणाचा संकेतांक) द्या, एएलडीसाठी सी२३सी १६/४५५२५, आणि त्यात टंगस्टन हेक्साफ्लोराइड व डायबोरेन हे थर बनवायला लागणारे वायू शोधा.

तारखांच्या बाबतीत ही साइट कच्ची आहे. दाखवलेली प्रायॉरिटी तारीख (जिच्यापासून अर्जाचा हक्क धरतात ती) हे गृहीतक आहे, कायदेशीर निष्कर्ष नाही, असं ती स्वतःच सांगते. फक्त जपानमध्ये दाखल झालेला अर्ज अमेरिकेत प्रकाशनाच्या तारखेपासूनच मोजला जातो, म्हणून तारखेचा फिल्टर 'पब्लिकेशन'वर ठेवा. फॅमिली (त्याच शोधाचे इतर देशांतले अर्ज) आणि मूळ प्रत युरोपियन पेटंट ऑफिसच्या एस्पेसनेट साइटवर पडताळा.

खरी अडचण पुढे येते. 'सिमिलर डॉक्युमेंट्स'ची यादी तुकडे छान जमवते, पण ते जोडण्याचं कारण देत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालाने या कारणाची जुनी ताठर कसोटी सैल केली, तरी कारण मांडावंच लागतं. समजा, एका कागदात टायटॅनियम नायट्राइडचा पातळ अडथळा-थर आहे आणि दुसऱ्यात हेक्साफ्लोराइडने टंगस्टन भरणं. पेटंटधारक लगेच म्हणेल की थर पातळ असला तर हेक्साफ्लोराइड आरपार जाऊन खालच्या टायटॅनियमशी भिडतं, 'व्होल्कॅनो' (ज्वालामुखीसारखे दिसणारे) दोष उठतात, मग जाणकार हे दोन्ही एकत्र का करेल? याचं उत्तर बहुधा तपशिलात दडलेलं असतं: थराची जाडी, आधीचं अ‍ॅनीलिंग (तापवण्याची प्रक्रिया), न्यूक्लिएशनला वापरलेला सायलेन किंवा डायबोरेन. त्यासाठी वर्णन आणि उदाहरणं पूर्ण वाचावी लागतात, सारांशावर भागत नाही.

तापमान किंवा दाबाच्या मर्यादा जुन्या कागदाशी जुळत असतील तर काम सोपं होतं. मग अनपेक्षित परिणामाचा पुरावा पेटंटधारकाला पुढे आणावा लागतो. मात्र आयपीआरमध्ये (अमेरिकी पेटंट ऑफिससमोर पेटंटला आव्हान देण्याची कार्यवाही) यंत्रानुवाद जोडू नका; भाषांतराच्या अचूकतेचं शपथपत्र लागतं.