पश्चिमेच्या उन्हात पफचं दार: नऊ महिने वापरल्यावर, आणि हर्णैच्या मेहुण्याला दिलेलं उत्तर

जानेवारीच्या शेवटी बसवलं, आता दिवाळी तोंडावर आली. एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा या दाराने काढला, म्हणून आता लिहितो. आधी लिहिलं असतं तर फेब्रुवारीत नुसती तारीफ आणि एप्रिलमध्ये नुसत्या शिव्या झाल्या असत्या.

आमचं गाव हिंगणघाटपासून थोडं आत. घराला लागूनच टिनाची छपरी आहे. तिथे बोलेरो, दोन फवारणी पंप, खताची पोती आणि भाव येईपर्यंत कापूस, असं सगळं राहतं. छपरीचं तोंड पश्चिमेला, आणि तिची एक भिंत बाबांच्या खोलीशी सामाईक. जुनं पत्र्याचं शटर मे महिन्यात दुपारी चार वाजता आतल्या बाजूनेही हात लावू द्यायचं नाही. ती धग भिंतीतून बाबांच्या खोलीत जाते असं माझं गणित होतं, म्हणून इन्सुलेटेड दार घेतलं.

दहा फूट बाय आठ फूट, चार आडवे पॅनेल. दोन पत्र्यांच्या मध्ये ४० मिलिमीटर पफ, म्हणजे फ्रिजच्या भिंतीत असतो तोच फोम. हे दार शटरसारखं गुंडाळत नाही, रुळावरून वर जाऊन छताखाली आडवं पडतं. थर्माकोल भरलेलं स्वस्तात मिळत होतं, पण तेवढ्याच जाडीत पफ साधारण दीडपट उष्णता अडवतो, म्हणून पफच घेतला. मोटरसकट दीड लाखाच्या आसपास गेले. बाबांनी बिल पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "एवढ्या पैशात तं दुभती म्हैस आली असती बाप्पा."

एप्रिल लागला आणि मला म्हैस आठवायला लागली. दाराची आतली बाजू खरंच गार होती, दुपारी चारला गाल टेकवला तरी चालेल इतकी. पण छपरी तशीच भट्टी. दोनशे रुपयांचं थर्मामीटर खांबाला टांगलं, तर बाहेर ४३ आणि आत ४४! मग डोकं चाललं. दार आहे ८० चौरस फूट आणि वरचं टीन जवळजवळ तीनशे. ऊन डोक्यावरून येतंय आणि मी दीड लाख खर्चून खिडकी बंद केली. विकणाऱ्याने दाराचं माप तीनदा घेतलं, पण मान वर करून टिनाकडे एकदाही पाहिलं नाही. मीही नाही पाहिलं, खोटं कशाला बोलू.

उपाय फुकटात सापडला. तूर काढल्यावर वावरात तुराट्या पडल्याच होत्या. त्यांचा दुहेरी थर टिनावर अंथरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तारेने बांधला. (तुराट्या म्हणजे सरपण. खाली चूल किंवा वेल्डिंगचं काम असेल तर हा उद्योग करू नका.) तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला आत ३९. आणि तेव्हा कुठे दाराची किंमत कळली, कारण परीक्षेसाठी दार अर्धं उघडं ठेवलं तर अर्ध्या तासात काटा पुन्हा चढायला लागला. पावसाळ्याआधी तुराट्या काढून टिनाला पांढरा रंग मारला. म्हणून पश्चिमेचं दार बदलायचं असेल तर आधी छत बघा. छत उघडं ठेवून पफचं दार घेणं म्हणजे डोकं उघडं ठेवून पायात लोकरीचे मोजे घालणं.

दुसरा घोटाळा रंगाचा. मी हौसेने गडद चॉकलेटी निवडला. मार्चच्या शेवटापासून दार दुपारी अडायला लागलं. चारच्या सुमाराला बटण दाबलं की फूटभर वर जायचं, कर्रर्र आवाज यायचा, आणि मोटरला वाटायचं मध्ये काही अडकलंय, म्हणून ती दार परत खाली आणायची. सकाळी सहाला तेच दार लोण्यासारखं चालायचं. मिस्त्री दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी दहाला. रुळाला ग्रीस लावून, "काहीच प्रॉब्लेम नाही भाऊ," म्हणून गेला.

शेवटी मीच एका दुपारी आतून पॅनेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरली. मधोमध सुतळी आणि पत्र्याच्या मध्ये करंगळी जात होती. सकाळी पुन्हा ताणली तर सुतळी पत्र्याला चिकटलेली. बाहेरचा पत्रा उन्हात तापून लांबतो, आतला फोममुळे गारच राहतो, त्यामुळे अख्खं पॅनेल धनुष्यासारखं बाहेर वाकतं. फोम जितकं चांगलं काम करेल तितका दोन पत्र्यांमधला फरक जास्त आणि वाक जास्त, ही त्यातली गंमत. साध्या शटरला हा आजार होतच नाही. तिसऱ्या खेपेला मिस्त्रीला मुद्दाम चार वाजता बोलावलं, सुतळी दाखवली. तेव्हा म्हणाला, "हो, डार्क कलरमध्ये होते असं." हे आधी सांगायला काय झालं होतं? मे महिन्यात बाहेरून मोतिया रंग मारून घेतला, स्वखर्चाने. त्यानंतर अडणं जवळजवळ थांबलं.

बाकी लाइट गेली की आतली लाल दोरी ओढून दार हाताने उचलता येतं. स्प्रिंग नीट ताणलेली असेल तर माझी नववीतली मुलगीही उचलते. स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० वेळा उघड-बंद असं धरतात. आमच्याकडे दिवसाला चार वेळा होतं, म्हणजे सहा-सात वर्षं.

पावसाळ्यात काळ्या मातीने आपला इंगा दाखवला. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी पिऊन तीच माती फुगते, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. दार बसवणारा माणूस मात्र शहरातला. ऑगस्टमध्ये उजवीकडचा कोबा उचलला गेला, दार त्याच्यावर टेकलं आणि डावीकडे रबराखाली बोटभर फट राहिली. एवढी फट उंदराला पुष्कळ. त्याने आधी रबर कुरतडलं, मग आत येऊन सरकीचं पोतं फोडलं. आता खाली जमिनीवर रबराचा उंबरा चिकटवून घेतला आहे. काळ्या मातीवर असं दार बसवायचं तर आधी दाराखालची माती खोल काढून मुरूम भरा आणि मगच कोबा करा.

आता मेहुण्याचं. बायकोचं माहेर दापोली तालुक्यात हर्णैला. मेहुणा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर नवीन घर बांधतोय. माझ्या दाराचे फोटो पाहून उन्हाळ्यापासून मागे लागला होता, "भावोजी, मी पण असंच बसवू का?" गणपतीला गेलो तेव्हा त्याच्या शेजाऱ्याकडचं असंच दार नीट पाहून आलो. तीन वर्षं झालेलं.

पॅनेल बाहेरून नव्यासारखे होते. पावसाने धुतले जातात ना! आत गेलो आणि बॅटरी मारली. बिजागऱ्यांच्या स्क्रूंची डोकी गंजून अर्धी झालेली. खालच्या कोपऱ्यात, जिथे वायररोप दाराला अडकवतात, तिथे रोपच्या चार-पाच तारा तुटून मिशांसारख्या उभ्या. याच रोपवर स्प्रिंगचा सगळा ताण असतो, म्हणून तो कोपरा आपण स्वतः पान्याने कधीही सोडायचा नाही. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ आतल्या बाजूला बसतं, आणि तिथे पाऊस पोचत नाही. उघड्यावरच्या पत्र्यापेक्षा आडोशातलं लोखंड लवकर जातं ते यामुळे. फोमचा आणि या गंजाचा काडीचा संबंध नाही.

मेहुण्याला मी जे सांगितलं ते इथेही लिहितो. तुझी गाडीची खोली घरापासून सुटी, तिथे कोणी झोपत नाही, वर खोली नाही. हर्णैचं ऊन आमच्यासारखं ४५ ला जात नाही, तुमचा त्रास घामाचा आणि दमटपणाचा. घट्ट रबर लावून खोली बंद केलीस तर ओल आतच कोंडेल, वर जाळीचा झरोका ठेवावाच लागेल. मग इन्सुलेशनचे पैसे कशासाठी? उद्या तिथे एसी लावून पाहुण्यांची खोली करणार असशील तर गोष्ट वेगळी. नाही तर तेच पैसे लोखंडावर घाल: गॅल्व्हनाइज्ड स्प्रिंग, नायलॉनची चाकं, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे स्क्रू आणि रोप. साध्या ३०४ मध्ये नसलेलं मॉलिब्डेनम ३१६ मध्ये असतं, ते मिठाला तोंड देतं. ॲल्युमिनियमचं दार घेतलंस तर तांबडा गंज नाही, पण त्याला साधे लोखंडी स्क्रू लावू देऊ नकोस. खाऱ्या ओलीत दोन वेगळे धातू भिडले की एक दुसऱ्याला खातो. आणि पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने आतून पुसायचं, आतून.

वाऱ्याचं त्याला सांगावं लागलं नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ त्याने दापोलीत अनुभवलंय. मोठं दार आत ढकललं गेलं की वारा आत शिरून छपराला खालून उचलतो. पफचं पॅनेल साध्या पत्र्यापेक्षा ताठ असतं हा त्याचा एक खरा फायदा. पण रूळ भिंतीला चार बारीक स्क्रूंवर असेल तर ताठ पॅनेल ताठपणेच आत येऊन पडेल. हे दार किती वाऱ्याला टिकतं ते लेखी माग, म्हटलं.

बाबांचं म्हणाल तर मे महिन्यापासून त्यांनी स्वतःच खाट छपरीत टाकली आहे. म्हशीचा विषय अजून निघतो, पण खाट हलवत नाहीत. मी स्वतः पुन्हा हे दार घेईन का? घेईन, पण आधी छत, मग कोबा, मग दार, आणि रंग मोतिया.

मेहुण्याने परवा व्हिडिओ पाठवला. दुकानात बसून स्क्रूला लोहचुंबक लावतोय. "भावोजी, चिकटत नाही, म्हणजे भारी स्टेनलेस ना?" म्हटलं, अरे, २०२ ग्रेडलाही चुंबक धड चिकटत नाही आणि समुद्राजवळ ते सगळ्यात आधी जातं. चुंबक ठेव खिशात, बिलावर ३१६ लिहून घे. दुकानदार म्हणे, माल तोच आहे, पण लिहून देता येणार नाही. मेहुणा आता दुसरं दुकान बघतोय.