इन्कोनेल ७१८ : फोर्ज केलेला घ्यावा की थ्रीडी प्रिंटेड?

इन्कोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूचा भाग फोर्ज केलेला (तापवून दाबाने घडवलेला) घ्यावा की प्रिंटेड (धातूची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून केलेला), याची निवड ताणचाचणीच्या आकड्यांवरून करू नका. फोर्ज केलेल्या ७१८ला खोलीच्या तापमानाला किमान १०३४ मेगापास्कल यील्ड (ज्या ताणाला आकार कायमचा बदलू लागतो तो) आणि १२७६ मेगापास्कल अंतिम ताकद लागते. उष्णोपचार नीट झाला तर प्रिंटेड भागही तिथवर पोचतो. फरक उघडा पडतो तो फटीगमध्ये, म्हणजे भार पुन्हा पुन्हा येऊन धातू तडकण्यात. तिथे आयुष्य ठरवतो तो सगळ्यांत मोठा दोष, आणि तो पृष्ठभागाच्या किती जवळ आहे ही गोष्ट.

फोर्जिंगमध्ये तडा बहुधा नायोबियम कार्बाइड किंवा टायटॅनियम नायट्राइडच्या बारीक कणापाशी सुरू होतो. फिरणाऱ्या डिस्कसाठी व्हीआयएम (निर्वातात इंडक्शनने), ईएसआर (स्लॅगमधून विजेने), व्हीएआर (निर्वातात आर्कने) असा तीनदा वितळवलेला मालच मागा, ग्रेन (धातूतले स्फटिककण) एएसटीएमच्या मापात १० किंवा त्याहून बारीक. डिस्कसाठी प्रिंटेडचा विचारही आम्ही करणार नाही.

प्रिंटेड भागात दोन थर नीट न जुळल्याने चपट्या पोकळ्या राहतात. त्या थरांना समांतर असतात, म्हणून थरांना काटकोनात ताण आला की सर्वांत आधी त्याच फाटतात. मुख्य ताण थरांना समांतर येईल अशी मांडणी छपाईच्या प्लेटवरच ठरवा. नंतर हिप (तापवून चहूबाजूंनी वायूचा दाब देणे) करा : ११२० ते ११८५ अंश सेल्सिअस, किमान १०० मेगापास्कल, सुमारे ४ तास. यात आतल्या पोकळ्या मिटतात, पण पृष्ठभागाला उघडणाऱ्या मिटत नाहीत, कारण दाब देणारा आर्गॉनच त्यांच्यात शिरतो. खडबडीत पृष्ठभागही तसाच राहतो. यंत्रणही (हत्याराने पृष्ठभाग कापून काढणे) बेताबेताने करून चालत नाही : लेसरची कडेची रेघ आणि आतली भरण जिथे मिळतात तिथे पोकळ्यांची रांग असू शकते. तेवढ्याच खोलीवर थांबलात, तर लपलेले दोष तुम्हीच पृष्ठभागावर आणले. हत्यार पोचत नाही अशा आतल्या वाहिन्यांचे आयुष्य खडबडीत नमुन्यांवरच मोजा.

एजिंग (ताकद आणणारा शेवटचा उष्णोपचार) दोघांनाही सारखे : ७२० अंशांवर ८ तास, ताशी ५५ अंशांनी ६२० पर्यंत उतरवणे, तिथे पुन्हा ८ तास. त्याआधीच्या सोल्यूशनमध्ये (साचलेले घटक धातूत विरघळवणाऱ्या उष्णोपचारात) मात्र चूक होते. फोर्जिंगला ९८० अंश योग्य, कारण उरलेला डेल्टा फेज (निकेल-नायोबियमचे वेगळे पडलेले स्फटिक) ग्रेन वाढू देत नाही. हिप न केलेल्या प्रिंटमध्ये नायोबियम जागोजागी साचलेले असते. तिथे ९८० अंशांवर डेल्टाच्या सुया उगवतात. अशा प्रिंटसाठी १०६५ अंशांच्या आसपास जावे लागते.

भाग ६०० अंशांच्या वर भाराखाली थांबून राहणार असेल, तर भराभर चक्रे देऊन काढलेल्या एस-एन आलेखावर (किती ताणाला किती चक्रे टिकतो ते दाखवणाऱ्या) विसंबू नका. हवेतला ऑक्सिजन ग्रेनच्या सीमा पोखरतो आणि तडा कितीतरी वेगाने धावतो. इथे बारीक ग्रेनही उलटतो : तडा सुरू व्हायला उशीर लावतो, पण सुरू झालेला रोखत नाही. भार धरून ठेवणारी चाचणीच करून घ्या. ६५० अंशांच्या वर दीर्घकाळ चालवायचे असेल तर गॅमा डबल प्राइमचे (७१८ला ताकद देणाऱ्या सूक्ष्म कणांचे) डेल्टात रूपांतर होऊन ताकद घसरते. मग दोन्ही पर्याय सोडून वास्पालॉय या दुसऱ्या निकेल मिश्रधातूकडे वळा. फक्त त्याचे वेल्डिंग ७१८इतके सोपे नाही, जोड एजिंगमध्ये तडकतो.