घरच्या रुग्णसेवेतलं कोविडचं साहित्य: नागपुरात अनेक महिने वापरल्यानंतर

अंथरुणावरचा रुग्ण, १२-१२ तासांच्या पाळीने येणाऱ्या मावशी किंवा ब्रदर, आणि घरची मंडळी. या तिघांसाठी कोविडच्या काळात घेतलेल्या साहित्यातलं नागपुरात काय टिकलं आणि काय माळ्यावर गेलं, ते लिहितोय. निकाल आधीच सांगून टाकतो: पैसा हवेवर आणि मास्कवर घाला. पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड, चपला पुसायच्या ओल्या चटया, खोलीभर मारायचे फवारे यांनी फार काही साधत नाही. हा विषाणू मुख्यतः बंद खोलीतल्या श्वासाच्या हवेतून जातो, दाराच्या कडीवरून क्वचितच.

म्हणून पहिला मान कूलरचा. खिडकीत बाहेरून बसवलेला डेझर्ट कूलर ताजी हवा आत घेतो, स्प्लिट एसी खोलीतलीच फिरवत बसतो. एवढ्यावर कूलर पास. पण तो जेवढी हवा आत ढकलतो तेवढी कुठून तरी बाहेर पडणारच. रुग्णाला संसर्ग असेल, कूलर त्याच्याच खिडकीत असेल आणि दुसरी खिडकी बंद असेल, तर ती सगळी हवा दारातून हॉलमध्ये येते. अशा वेळी कूलर हॉलच्या खिडकीत लावावा, रुग्णाच्या खोलीत ९ इंची एक्झॉस्ट बसवावा आणि मधलं दार थोडं उघडं ठेवावं. हवा हॉलकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर गेली पाहिजे. दाराच्या फटीशी उदबत्ती धरली की दिशा लगेच कळते.

रुग्णाला संसर्ग नसेल आणि धोका बाहेरून येणाऱ्यांचा असेल, तर मांडणी उलटी. कूलर रुग्णाच्या खोलीत, पलंग त्याच बाजूला (झोत थेट अंगावर नको), मावशींची खुर्ची समोरच्या उघड्या खिडकीशी. महाल-इतवारीतल्या काही जुन्या घरांना फक्त पुढून उजेड असतो, तिथे झरोक्यात एक्झॉस्ट बसवण्याला पर्याय नाही. पावसाळ्यात कूलर नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा पंखा, एक्झॉस्ट आणि उघडी खिडकी. टाकी आठवड्याला रिकामी करून आतून घासायचीच. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

मास्क एन-९५, डोक्यामागे दोन पट्टे असलेला. कानात अडकवायचे मास्क घामाने सैल पडतात आणि गालाशी फट राहते. व्हॉल्व्हचा नकोच, त्यातून घालणाऱ्याचा श्वास न गाळता रुग्णाच्या तोंडावर जातो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना मास्क दुपारपर्यंत भिजतो आणि श्वास जड होतो, म्हणून एका पाळीला दोन धरून चला. कोरडे राहिलेले मास्क नंबर घातलेल्या कागदी पाकिटांत ठेवून पाळीपाळीने वापरता येतात. धुणं किंवा त्यावर स्पिरिट मारणं मात्र बाद, कारण कण धरून ठेवणारा स्थिर विद्युतभार त्याने निघून जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो. अंघोळ घालताना, कूस बदलताना रुग्णालाही साधा सर्जिकल मास्क लावावा. ज्याला तो स्वतः काढता येत नाही किंवा दम लागतो, त्याला लावू नये.

खरी गळती होते चहाच्या वेळी. पाळीभर मास्क सांभाळला आणि स्वयंपाकघरात चौघांनी मिळून चहा घेतला, की सगळं मुसळ केरात. मावशींचं जेवण वेगळ्या वेळी, खिडकीच्या खोलीत. मास्क काढावा लागतो म्हणून त्या पाणी पिणं टाळतात आणि उन्हाळ्यात चक्कर येते. माठ रुग्णाच्या खोलीबाहेर ठेवून तासाभराने पाणी प्यायला पाठवायचंच.

ऑक्सिमीटर स्वस्तातलाही चालतो, वापरणारा नीट हवा. नेलपॉलिश किंवा गर्द मेंदी असेल तर दुसरं बोट, हात गार असेल तर आधी चोळून गरम करा. आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. सावळ्या त्वचेवर तो थोडा जास्त दाखवू शकतो, त्यामुळे एका आकड्यापेक्षा रोजचा कल बघावा. ९४ च्या खाली सतत राहिला तर डॉक्टरांना फोन.

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा, मिनिटाला ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक माल. बहुतेक यंत्रं ४० अंशांपर्यंतच्याच तापमानासाठी असतात, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात थंडाव्याशिवाय चालवूच नयेत. कूलरच्या झोतातही नको, कारण ओलाव्याने आतली चाळणी खराब होते आणि प्रवाह तोच दिसला तरी ऑक्सिजनची शुद्धता घसरते. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, मागची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, रोज बदललेलं. बोअरच्या पाण्याचे क्षार बसतात. वीज गेली तर सुमारे ३५० वॅटच्या यंत्राला इन्व्हर्टरची १५० एएचची चांगली बॅटरी तीन तासांच्या आसपास पुरते, त्यापुढे सिलिंडर हाताशी हवा.

पुसायचं जंतुनाशक म्हणजे हायपोक्लोराइट (ब्लीच). ते ५ टक्क्यांचं मिळालं तर एक भाग त्यात चार भाग पाणी, म्हणजे १ टक्का. रोज ताजं करा, उन्हाळ्यात ते लवकर उतरतं. दहा मिनिटांनी पलंगाचे लोखंडी भाग साध्या पाण्याने पुसा, नाहीतर गंज धरतो. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. रुग्णाच्या अंगावर फवारणं तर चूकच.

वापरलेले मास्क आणि हातमोजे कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवावेत, मग सुक्या कचऱ्यात. गाडीवाल्याच्या हातात मोकळे देऊ नका.

एक खर्च कुठल्याही दुकानाच्या बिलात येत नाही: मावशींची भरपगारी आजारी रजा. ताप आला की मजुरी कापली जाणार असेल, तर त्या क्रोसिन घेऊन कामावर येणार, आणि दारातली थर्मल गन त्यांना नॉर्मल दाखवणार. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून रोज नवा माणूस घेण्याऐवजी दोघीच ठरवा, एकीला ताप आला तर दुसरी आणि घरचं एक माणूस मिळून पाळी काढतील असं आधीच बोलून ठेवा. थर्मल गनचे पैसे त्या रजेकडे वळवले तरी चालतील.