गुल्लक, कोटा आणि फुलेरा: टीनएजर मुलांबरोबर खरंच बघता येईल असं काय आहे?

संध्याकाळच्या डेली सोपमध्ये पंधरा वर्षांचं मूल एक तर नसतंच, आणि असलंच तर घरातल्या भांडणात मागे उभं राहण्यापुरतं. शाळा-कॉलेजवरच्या बहुतेक वेब सिरीजमध्ये उलटा प्रकार: तिथे आईबाप एक तर व्हिलन, नाही तर बावळट. दोन्ही पिढ्या एका सोफ्यावर टिकवायच्या तर बरोबर असण्याची आणि तोंडघशी पडण्याची पाळी दोघांवरही येणारी मालिका लागते. हिंदीत टीव्हीएफ (द व्हायरल फीव्हर) या निर्मिती संस्थेने अशा काही मालिका केल्या आहेत आणि त्यांत पहिला नंबर ‘गुल्लक’चा.

सोनी लिव्हवर २०१९ ते २०२४ या काळात तिचे चार सीझन आले. प्रत्येकी पाच भाग, भाग साधारण अर्ध्या तासाचा. जेवणं उरकून एक भाग बघितला तरी दुसऱ्या दिवशीच्या शाळेचे वांधे होत नाहीत. वीज खात्यात नोकरी करणारे संतोष मिश्रा, घर रेटणारी शांती, थोरला अन्नू आणि धाकटा अमन. हकीकत सांगतो तो घरातला मातीचा गल्ला. गीतांजली कुलकर्णी यांनी शांती अशी उभी केली आहे की भाषा उत्तरेची असली तरी बाई आपल्याच चाळीतली वाटते. ती स्वयंपाकघरातून बडबडते तेव्हा कोणाचंही नाव घेत नाही, पण बोलणी कोणाला बसताहेत हे चौघांनाही नेमकं कळतं. इथे मुलं हसतात, आई हसते आणि बाबा थोडं उशिरा हसतात.

प्रत्येक भाग स्वतंत्र किस्सा असल्यामुळे क्रम मोडला तरी फार बिघडत नाही. घरात दहावीचं मूल असेल तर तिसऱ्या सीझनपासूनही सुरुवात करता येईल: अमनला आर्ट्स घ्यायचंय आणि हुशार मुलाने सायन्सच घ्यायचं असं बाकी सगळ्यांनी गृहीत धरलंय. मात्र त्याच सीझनच्या शेवटी वडिलांच्या तब्येतीचं वळण आहे. घरात नुकतंच कोणाचं आजारपण होऊन गेलं असेल तर तो भाग आधी एकट्याने बघून घ्यावा. चौथ्या सीझनमध्ये अमनच्या प्रेमपत्राचं प्रकरण निघतं. तो भाग संपल्या संपल्या मुलाकडे वळून “तुझं काय चाललंय रे?” असं विचारलंत, तर पुढचा भाग तुम्हाला एकट्यानेच बघावा लागेल.

‘कोटा फॅक्टरी’ त्यापेक्षा अवघड. ती जवळजवळ पूर्ण कृष्णधवल आहे म्हणून टीव्हीचं सेटिंग तपासत बसू नका. पहिला सीझन २०१९चा, पुढचे दोन (२०२१ आणि २०२४) नेटफ्लिक्सवर आले. आयआयटीच्या तयारीसाठी कोट्यात आलेला वैभव हा मयूर मोरे या मराठी नटाने केलाय. पहिल्या सीझनमधल्या भागांना ‘इन्व्हेंटरी’, ‘असेंब्ली लाइन’ अशी कारखान्यातली नावं आहेत आणि मालिकेचं म्हणणं त्या नावांतच आलं. लातूर पॅटर्न ज्यांच्या घरात येऊन गेलाय त्यांना ती क्लासच्या पाट्यांनी भरलेली गल्ली परकी वाटणार नाही. शिव्या आहेत, आणि त्या होस्टेलवर असतात तशाच आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या सीझनच्या अखेरीस एका विद्यार्थ्याची आत्महत्या आहे. परीक्षेच्या किंवा निकालाच्या आठवड्यात ही मालिका अजिबात लावू नये. सुट्टीत लावावी, आणि तो भाग मुलाला एकट्याने मोबाइलवर बघू देऊ नये.

‘ये मेरी फॅमिली’ हलकी. पहिला सीझन (२०१८, सात भाग) १९९८च्या उन्हाळ्यातल्या जयपूरचा, बारा वर्षांच्या हर्षूच्या तोंडून. पुढच्या सीझनमध्ये कुटुंब, शहर आणि साल सगळंच बदलतं. ते लखनौचे अवस्थी आहेत आणि काळ नव्वदच्या दशकातलाच, पण आधीचा. त्यामुळे “मागचा हर्षू कुठे गेला?” म्हणून शोधू नये. आठवी-नववीच्या मुलांना पहिला सीझन जास्त भिडतो. धोका एकच, तो म्हणजे आईबाबांनी दर पाच मिनिटांनी पॉज करून “आमच्या वेळी” सुरू करणं. एका भागाला एक पॉज, असा नियम आधीच ठरवून घ्या.

फुलेरा गावात घडणारी ‘पंचायत’ बहुतेकांनी बघितलीच असेल. पहिला सीझन (२०२०, आठ भाग) सगळ्यांसोबत निर्धास्त बघावा, अधूनमधून येणारी शिवी सोडली तर. दुसऱ्याचा शेवट डोळ्यांतून पाणी काढतो. तिसऱ्यापासून गावचं राजकारण आणि मारामारी वाढते, आणि मजा त्या प्रमाणात कमी होते.

बघायला बसण्याआधी दोन-तीन गोष्टी करून घ्याव्यात. भागाच्या सुरुवातीला कोपऱ्यात येणारं वयाचं चिन्ह वाचा. २०२१च्या नियमांनुसार ते यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असं असतं, शेजारी हिंसा किंवा भाषा असं कारणही लिहिलेलं असतं. चिन्हापेक्षा ते कारण जास्त उपयोगी. नेटफ्लिक्सवर प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा, नाहीतर ‘एकच भाग’ हा करार पहिल्याच रात्री मोडतो. आणि संवाद कळत नसतील तर आवाज वाढवत बसू नका. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे बोलणं दबतं आणि संगीत अंगावर येतं. साउंड मोडमध्ये बोलण्यासाठीचा पर्याय निवडा आणि सबटायटल्स चालू ठेवा. मिश्रांच्या घरात तिघं एकदम बोलतात तेव्हा त्यांचा उपयोग कळतो.

मराठीत याच्या जवळ जाणारी म्हणजे झी मराठीची ‘दिल दोस्ती दुनियादारी’ (२०१५-१६). मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारी सहा जणं. सोळा-सतराच्या मुलांना घराबाहेर राहायचे वेध लागलेले असतात, त्यांना आवडेल. डेली सोप असल्यामुळे मधेमधे पाणी घातलेलं आहे. तेवढे भाग बिनदिक्कत पुढे ढकला, गोष्ट तुटत नाही.