व्हॉट्सॲप : घरच्यांसाठी उत्तम, बाजारासाठी जपून

जी सेवा वापरण्यावाचून गत्यंतर नाही असे सगळेच धरून चालतात, तिचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही, आणि व्हॉट्सॲपचे नेमके तसेच झाले आहे. नवा फोन घेताना कॅमेरा आणि बॅटरी यांविषयी दहा ठिकाणी चौकशी करणारा माणूस, त्या फोनवरचा बराचसा वेळ ज्या ॲपमध्ये जाणार आहे त्याला आपला नंबर, संपर्कयादी आणि मायक्रोफोन यांची परवानगी पहिल्याच मिनिटाला, काहीही न वाचता देऊन टाकतो. म्हणून पैसे मोजून घेतलेल्या वस्तूकडे आपण ज्या चिकित्सेने पाहतो, तीच या फुकट मिळालेल्या सेवेला लावण्याचा हा प्रयत्न आहे.

संवादाचे साधन म्हणून व्हॉट्सॲपला नावे ठेवणे कठीण आहे. कमी रेंजच्या गावातही संदेश अडखळत का होईना पोहोचतो, न्यू जर्सीतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल सांगलीतल्या आजीला विनासायास घेता येतो (दुबईकर नातेवाइकांना मात्र तिथल्या निर्बंधांमुळे दुसरे ॲप शोधावे लागते), आणि देवनागरी टंकलेखनाचा कंटाळा असणाऱ्या पिढीला व्हॉइस मेसेजने पुन्हा बोलते केले आहे. याची दुसरी बाजूही आहे. निळ्या टिका नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या आणि ‘वाचून उत्तर दिले नाही’ हा रुसव्याचा एक नवाच प्रकार घरोघरी सुरू झाला. लोकांनी ओरड केल्यावर त्या बंद करण्याची सोय कंपनीला द्यावी लागली. फॉरवर्डचे प्रकरण याहून कितीतरी गंभीर. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असे केले. ही मर्यादा उपयोगी आहे. ती यायला इतका उशीर व्हायला नको होता.

आता खासगीपणाविषयी. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संभाषण पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कूटबद्ध असते, म्हणजे मधल्या मध्ये कंपनीलाही ते वाचता येत नाही. हा दावा पोकळ नाही आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र लखोटा चिकटवलेला असला तरी त्यावरचा पत्ता आणि शिक्का टपालखात्याला दिसतोच, तशी कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळा संदेश पाठवला ही माहिती त्या कुलपाच्या बाहेर राहते. शिवाय गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप आपोआप तितका सुरक्षित होत नाही; त्यासाठी २०२१ पासून उपलब्ध असलेली कूटबद्ध बॅकअपची सोय चॅट बॅकअपच्या पर्यायात जाऊन स्वतः सुरू करावी लागते, आणि तिचा पासवर्ड विसरला तर जुने संभाषण परत मिळत नाही. सर्वांत मोठी उणीव मला फोन नंबरची वाटते. सोसायटीच्या, शाळेच्या किंवा देवस्थानच्या ग्रुपमध्ये एकदा समावेश झाला की तिथल्या प्रत्येकाला आपला नंबर दिसतो, आणि ग्रुपची कमाल मर्यादा आता १,०२४ माणसांची आहे. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल हे ठरवण्याची सोय २०१९ मध्ये आली, पण ती ‘सर्वजण’ या पर्यायावरून हलवून ‘माझे संपर्क’ येथे आणून ठेवावी लागते. विशेषतः स्त्रियांनी हे काम आजच करावे.

व्हॉट्सॲपने खरा पालट घडवला आहे तो विक्रीच्या पद्धतीत, आणि माझा मुख्य आक्षेपही तिथेच आहे. व्यवसायासाठीचे वेगळे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले. येवल्याचा विणकर मागावरून उतरलेल्या पैठणीच्या पदराचा फोटो स्टेटसवर ठेवतो, देवगडचा बागायतदार पेटीचा भाव आणि गाडी सुटण्याची तारीख कळवतो, बचत गटातल्या बायका उन्हाळी पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेतात. यांपैकी कोणालाही त्यासाठी जाहिरातीवर खर्च करावा लागत नाही. या व्यवहारात एक नियम मला फार आवडतो: ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना स्वतंत्रपणे, पाठवलेला संदेश, ज्याने त्या विक्रेत्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यालाच मिळतो, आणि एका यादीत २५६ हून अधिक माणसे घेता येत नाहीत. म्हणूनच आंबेवाले ‘नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे भाव कळत राहतील’ असे आवर्जून सांगतात. गिऱ्हाइकाने नंबर सेव्ह करणे हीच त्याची संमती, आणि ती काढून घेणेही तितकेच सोपे.

मोठ्या व्यापाऱ्यांसाठी मात्र दार वेगळे आहे. त्यांनी मेटाकडे (म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडे, पूर्वीच्या फेसबुककडे) संदेशाचा नमुना मंजूर करून घ्यायचा, पाठवलेल्या जाहिरातीमागे ठरलेले पैसे भरायचे, आणि मग आपण त्यांचा नंबर सेव्ह केला आहे की नाही याला काही महत्त्व उरत नाही. ग्राहकाची पूर्वसंमती घेतली पाहिजे असे कंपनीचे धोरण सांगते खरे, पण प्रत्यक्षात ही संमती कशी घेतली जाते ते बिलाच्या काउंटरवर पाहावे. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलाने ‘सर, मोबाईल नंबर?’ असे विचारले ते बिलासाठीच, असा माझा समज होता; त्यानंतर गुढीपाडवा, अक्षय तृतीया, मान्सून सेल अशा प्रत्येक निमित्ताने त्या दुकानाची रंगीत पत्रके माझ्या चॅटमध्ये, थेट आईच्या संदेशाच्या वर येऊन बसू लागली. बंद करण्याची सोय आहे, पण ती प्रत्येक दुकानासाठी वेगवेगळी वापरावी लागते. अशा चॅटच्या माथ्यावर कधीकधी एक बारीक ओळ दिसते, की हा व्यवसाय संभाषण सांभाळण्यासाठी मेटाची सेवा वापरतो. ती ओळ जरूर वाचावी, कारण दुकानाशी केलेले बोलणे आणि बहिणीशी केलेले बोलणे या दोन्हींचे संरक्षण सारखे नसते.

या सगळ्यामागचा इतिहासही ध्यानात घ्यायला हवा. जान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये ही सेवा सुरू केली तेव्हा जाहिराती नकोत ही त्यांची जाहीर भूमिका होती. २०१४ मध्ये फेसबुकने ती विकत घेतली, पुढे दोघेही संस्थापक बाहेर पडले आणि जून २०२५ मध्ये स्टेटसच्या टॅबमध्ये जाहिराती आणण्याची घोषणा झाली. मधल्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, नव्या अटी मान्य करा नाहीतर सेवा विसरा, असा पवित्रा कंपनीने घेतला. त्या प्रकरणी बाजारातील निकोप स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि जाहिरातींसाठी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यास पाच वर्षांची बंदी घातली. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, पण बंदी उठवली. मेटाच्या पसाऱ्यापुढे दंडाची रक्कम किरकोळ आहे. कंपनीला बोचली असती ती बंदी.

घरच्या संभाषणासाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, आणि एक गुण कापण्याचे कारण बॅकअप व फोन नंबर यांच्याविषयी वर आलेच आहे. ओळखीच्या छोट्या विक्रेत्यांसाठीही ती तितकीच चांगली आहे. मोठ्या दुकानदारीसाठी मात्र पाचपैकी दोनच. अनोळखी नंबरांचे कॉल परस्पर गप्प करण्याची सोय २०२३ मध्ये आली, त्याच धर्तीवर ‘मी सेव्ह न केलेल्या कोणत्याही व्यवसायाची जाहिरात स्वीकारू नका’ असे एकच बटण द्यावे. देवगडच्या बागायतदाराला जो नियम लागू आहे, तोच मॉलमधल्या दुकानाला लावायला तांत्रिक अडचण असण्याचे कारण दिसत नाही.