काश्मिरी अक्रोड की म्हैसुरी शिसव: जुनी दागिन्यांची पेटी घेण्याआधी

पन्नास-साठच्या दशकातली, हातानं घडवलेली लाकडी दागिन्यांची पेटी शोधायला लागलात की दोन प्रकार हमखास समोर येतात. एक श्रीनगरची, अक्रोडाच्या लाकडात कोरलेली. दुसरी म्हैसूरची, काळपट शिसवात फिकट नक्षी जडवलेली. माझा कौल आधीच सांगते: रोज उघडझाक करायची असेल तर शिसव, पण एका अटीवर. कारागिराचा हात पाहायचा असेल तर अक्रोड.

अट हस्तिदंताची आहे. म्हैसूरच्या कारागिरांनी शिसवात वर्षानुवर्षं हस्तिदंत जडवला. तिथल्या राजवाड्यातल्या अंबाविलास दालनाचा दरवाजाही तसाच. पुढे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1986च्या दुरुस्तीनंतर भारतीय हत्तीच्या हस्तिदंताचा देशातला व्यापार बंद झाला. वस्तू कायद्याच्या आधीची आहे म्हणून ती विकता येते असं नाही. त्यामुळे ‘अस्सल 1955ची’ हे शब्द अक्रोडाच्या पेटीबद्दल ऐकले तर बरं वाटतं, शिसवाच्या पेटीबद्दल ऐकले तर खिशातून भिंग काढावं. फिकट नक्षी हस्तिदंताऐवजी हाडाची किंवा प्लास्टिकचीही असू शकते: हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, प्लास्टिक एकसारखं गुळगुळीत असतं. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या फिकट रेषा दिसतात, पण जडवलेला पातळ तुकडा उभा कापलेला असला तर त्याही दिसत नाहीत. शंका उरली तर पेटी खाली ठेवा, कितीही सुंदर असो. निव्वळ रंगीबेरंगी लाकडांचं जडावकाम असलेल्या पेट्याही मिळतात, आणि त्यांतला फणस किंवा चाफ्याचा पिवळसर तुकडा मला हस्तिदंतापेक्षा जास्त आवडतो. त्यात रंग असतो तो लाकडाचाच.

अक्रोडाकडे वळू. काश्मीरमधला नक्काश, म्हणजे कोरीवकाम करणारा कारागीर, झाडाचा प्रत्येक भाग वेगळा धरतो. मुळाकडचं लाकूड सर्वांत गडद, दाट रेषांचं आणि महाग, खोडाचं मध्यम, फांद्यांचं फिकट, जवळपास रेषाच नसलेलं आणि स्वस्त. लाकूड काही वर्षं वाळवल्याशिवाय पटाशी लागत नाही. काम नुसतं वरवर रेघ मारून केलंय, उठावदार आहे, की चिनारचं पान खालून पोखरून जवळजवळ सुटं केलंय, हे पाहिलं की कारागिराची ताकद कळते. पानाच्या कडेखाली नख घालून बघा. तिथेही पटाशीचे स्वच्छ घाव असतील आणि शेजारची दोन पानं हुबेहूब सारखी नसतील, तर काम हाताचं. खोलगट भागात पॉलिशचा जाड थर साचला असेल तर फिकट, स्वस्त लाकूड रंगवून गडद केल्याची शक्यता धरा. चांगल्या पेटीला मेणाची हलकी झिलई पुरते.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: कारागिराचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं. सही शोधण्यात वेळ घालवू नका. तळाला एखाद्या सरकारी एम्पोरियमचं लेबल चिकटलेलं असेल तर तेवढाच आधार. श्रीनगरचं एम्पोरियम स्वातंत्र्यानंतर जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या इमारतीत आलं, म्हणजे त्या इमारतीचा पत्ता असलेलं लेबल 1947 नंतरचं. त्यापुढे वय बांधायचं ते बिजागरीवरून. बिजागरीला फुलीचे स्क्रू असले तर ती निदान नंतर बदललेली असू शकते.

आता वापराचं. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात दोन्ही लाकडं फुगतात, पण शिसवाचा गाभा जड आणि तेलकट, त्याला भुंगा सहसा शिवत नाही. अक्रोडाच्या फिकट, बाहेरच्या लाकडाला मात्र तो लागतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली ताजी पिठूळ भुकटी दिसली की पुढे बोलणी नकोत. शिवाय कोरीव झाकणावर धूळ बसते आणि ती फडक्यानं निघत नाही, मऊ ब्रश लागतो. नथीचा आकडा किंवा बुगडीचं टोक पानात अडकतं ते वेगळंच. सपाट शिसवी झाकणाला ही कटकट नाही. त्याचं दुखणं दुसरं: लाकूड आक्रसलं की जडवलेले तुकडे सुटतात. अंगठ्यानं हळूच दाबून बघा, पोकळ टकटक आली तर भाव उतरवा.

आतलं अस्तर दोन्हीत बदलून घ्यावं, असं मी म्हणेन. जुन्या लोकरी फेल्टमधल्या गंधकानं चांदीचे तोडे काळे पडतात, आणि मोत्यांना बंद पेटीत साचलेली आम्लाची वाफ सोसत नाही. धुतलेलं पांढरं सुती कापड उत्तम, चांदी वेगळ्या पिशवीत.

परदेशी नेणार असाल तर अक्रोड सोपं. शिसवासकट त्याच्या डाल्बर्जिया वंशातली बहुतेक झाडं 2017 पासून साइटीस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सूट असली तरी ज्या देशात नेणार तिथला नियम आधी विचारावा. हस्तिदंत असेल तर विचारण्यासारखंही काही नाही.

आणि घरात पणजीची शिसवी फणेरपेटी (फणी-कुंकवाची आरसा लावलेली पेटी) माळ्यावर पडली असेल, तर या दोन्हींच्या आधी ती खाली काढून बघा. आरसा गेला असेल, कप्पे शाबूत असतील. सुताराकडून बिजागरी बसवून घेणं नव्या खरेदीपेक्षा नक्कीच स्वस्त पडतं.